बाबांची खेळी

दि. ९ फेब्रुवारी

तीर्थरूप बाबांस,

शि. सा. न. वि. वि., आणि नमस्कारामागोमाग लगेच एक ताकीद.

माझ्या गेमच्या मशीनवर सुरुवातीलाच सेव्ह केलेली खाती दिसतात. त्यातलं पहिलं माझं. लग्नाआधीपासूनची माझी सगळी भटकंती त्यात साठवलेली आहे, त्याला बोटही लावायचं नाही. बाकी मशीन तुमचंच समजा. मी बॅग भरत होते आणि तुम्ही हळूच विचारलंत, की तू नसताना जरा खेळून बघू का. तेव्हा तुमचे चिरंजीव खो खो हसले होते. मी हसले नव्हते, याची नोंद असावी. सुरुवात राज्याच्या खेळाने करा. त्यात ऐकण्यासारखं काही नसतं. छापखान्यातल्या मशीनपाशी उभं राहून ज्यांनी कान घालवले, त्यांना तो बरा.

मी सुखरूप पोचले. खोली एका लाँड्रीच्या वर आहे, त्यामुळे फरशी दिवसभर कोमट असते आणि माझे मोजेही फुकटात वाळतात. गोदीत दुरुस्तीला आलेल्या जहाजांच्या पोटात टॉर्च घेऊन शिरायचं, वेल्डिंगचे सांधे तपासायचे आणि कच्च्या सांध्यावर खडूने खूण करायची, हे माझं काम. माझ्या हातात खडू दिसला की चांगले दांडगे वेल्डर नापास झाल्यासारखी तोंडं करतात. वर्षभर हेच चालायचं आहे.

तुमचे चिरंजीव रोज फोन करतात. जेवलीस का, असं विचारतात आणि मग गप्प बसतात. रुसलेत, की हातातल्या कवळीच्या साच्याचं प्लॅस्टर सुकायची वाट बघतायत, ते फोनवरून कळत नाही. तुमच्याशी फोनवर बोलायचं तर आपण दोघं नुसतं हॅलो-हॅलो करत बसतो. म्हणून तुम्ही पत्रच लिहा. खेळ कसा वाटला ते अगदी खरं लिहा, मला बरं वाटावं म्हणून नको.

लोभ आहेच, तो पत्राच्या लांबीवरून मोजला जाईल.

तुमची,
सूनबाई

*

दि. २६ फेब्रुवारी

चि. सौ. सूनबाईस,

अनेक आशीर्वाद. ताकीद मिळाली. तुझ्या खात्याकडे मी परस्त्रीकडे बघावं तितकंच बघतो, म्हणजे बघतच नाही.

खरं लिहा म्हणालीस, तर ऐक. राजा व्हायला बसलो आणि पहिली अख्खी संध्याकाळ धान्याची कोठारं बांधण्यात गेली. दुसरी रस्त्यांत गेली. तिसऱ्या दिवशी चिरंजीवांनी डोकावून विचारलं, की राज्य कुठवर आलं, तर मी सांडपाण्यापाशी अडलो होतो. या खेळातला राजा म्हणजे मुकुट घातलेला हेडक्लार्क. त्याचा एक प्रधान आहे. तो मधूनच उगवतो, प्रजा नाराज आहे असं सांगतो आणि गायब होतो. कोण नाराज, कशाने नाराज, याचा पत्ता नाही. चिरंजीवांचा तो लांबचा नातेवाईक असावा.

शेजारचा राजा मला दर थोड्या दिवसांनी घोडे भेट पाठवतो. मी भोळा, मला वाटलं सज्जन माणूस आहे. ते घोडे माझ्या तबेल्यात पोचतात न पोचतात तोच त्याचं सैन्य माझ्या वेशीवर! आमच्या छापखान्यातला फोरमनसुद्धा पाय ओढण्याआधी चार दिवस बोलणं बंद करायचा. तेवढी तरी रीत पाळावी.

आणि एक सांगतो, राग मानू नकोस. खेळ 'कठीण'वर लावला की शेजारचा राजा हुशार होईल अशी माझी समजूत होती. तसं काही होत नाही. त्याला नुसतं जास्त सोनं मिळतं. ही शुद्ध लबाडी आहे. मठ्ठ माणसाच्या खिशात पैसे कोंबायचे आणि याला हुशार म्हणा असं सांगायचं, हे बाहेर पुष्कळ पाहिलं. त्यासाठी मशीन कशाला लावायचं? शेवटचा भाग तर फारच कंटाळवाणा. आपण जिंकलो हे स्वच्छ दिसत असतं, तरी पुढे दोन संध्याकाळी जिंकतच बसावं लागतं.

मग खेळता कशाला, असं तू विचारशील. खेळतो, कारण हा खेळ थांबतो. मी चष्मा पुसला, विचार केला, पाणी पिऊन आलो, तरी माझी खेळी होईपर्यंत ते सगळे राजे आपापल्या जागी गुपचूप उभे असतात. घरीदारी लोक माझ्यासाठी अर्ध्या वाक्यापर्यंत थांबतात, मग हात हलवतात आणि जाऊ दे म्हणतात. वाईट हेतूने नाही म्हणत. पण म्हणतात.

चिरंजीव ठीक आहेत. माझी नवी कवळी त्यांनीच बनवली. बसली छान, पण आरशात हसलो की भलतंच कोणीतरी माझ्याकडे बघून हसतंय असं वाटतं. ते स्वतः मात्र हसत नाहीत. कामाच्या टेबलावरच, दुसऱ्यांच्या दातांच्या साच्यांच्या मधे ताट ठेवून जेवतात.

तब्येत सांभाळ. लांबी मोजून घे आणि तेवढाच लोभ परत पाठव.

तुझा,
बाबा

*

दि. २० मार्च

ती. बाबांस,

शि. सा. न. वि. वि. तुमचं मुकुटवाल्या हेडक्लार्कचं वाक्य मी गोदीत वाचून दाखवलं. आमच्या मॅनेजरना ते कोणीतरी जाऊन सांगितलं, आता ते माझ्याशी जपून बोलतात.

सोन्याबद्दलचं तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. पण राज्याच्या खेळावर माझा राग दुसऱ्याच गोष्टीसाठी आहे. तिथे माणसंच नसतात, नुसते आकडे. लढाईत चारशे गेले की कोपऱ्यातला आकडा चारशेने उतरतो आणि आपण 'परवडलं' म्हणतो. म्हणून मला भूमिकेचे खेळ आवडतात. त्यात आपण राजा नसतो, कोणीतरी साधा माणूस असतो. गावोगाव पायी फिरायचं, भेटेल त्याच्याशी बोलायचं. तिथल्या नावाड्याला नाव असतं, पाठदुखी असते, रागावून गेलेली मुलगी असते.

दोषही सांगते, नाहीतर म्हणाल सूनबाई आपल्या माहेरची बाजू घेते. चाळीस तलवारी पाठीवर घेऊन मी तुरुतुरु पळते, आणि एक चमचा जास्त उचलला की जागीच खिळते. उद्या जग बुडणार म्हणून सगळे छाती पिटत असतात आणि मी महिनाभर मासे पकडत बसते, जग बिचारं थांबतं. सगळ्यात मोठी फसवणूक उत्तरांची. समोर तीन उत्तरं देतात. आपण जीव तोडून विचार करतो, एक निवडतो, आणि तिन्हींतून पुढे होतं तेच. तरीही दिवसभर पोलादातल्या भेगा शोधून आल्यावर, हरवलेली अंगठी शोधून दिली म्हणून कोणी दोन शब्द गोड बोललं की मला बरं वाटतं. सांध्यांवर खुणा केल्याबद्दल आजवर कोणी आभार मानलेले नाहीत.

आता एक गोष्ट फक्त तुमच्यासाठी. गोदीवाल्यांनी मला कायमची नोकरी देऊ केली आहे. तपासणी खात्याची प्रमुख म्हणून. घरी मी बोललेले नाही, कारण मी नाहीच म्हणणार आहे. तुम्हाला फोनची बेल ऐकू येत नाही, दाराची येत नाही. तुम्हाला आणि तुमच्या रुसक्या मुलाला असं सोडून इथे कायमचं कसं राहायचं? मग उगाच विषय काढून त्यांना आणखी का रुसवू? तुम्हाला सांगितलं, कारण कोणाला तरी सांगायचं होतं. पोटात ठेवा.

आणि भूमिकेचा खेळ एकदा खेळून बघाच. दुसऱ्या खात्यात!

लोभाची बाकी तुमच्याकडे निघते.

तुमची,
सूनबाई

*

दि. ८ एप्रिल

चि. सौ. सूनबाईस,

अनेक आशीर्वाद. तुझ्या आवडत्या खेळात मी दाखल झालो. सुरुवातीला कोण व्हायचं ते विचारतात. मी विशीतली तिरंदाज मुलगी झालो. लाजायचं काय त्यात? मला चांगले गुडघे हवे होते.

आता माझी मतं. या खेळात आपण कोणाच्याही घरात शिरतो, कपाटं उघडतो, मडक्यात हात घालतो, आणि घरधनी बाजूला उभा राहून आज हवा छान आहे म्हणतो. असले शेजारी मला जन्मात मिळाले नाहीत. मी तळघरात बारा-पंधरा उंदीर मारले, तर मला बक्षीस म्हणून बोलण्याची हुशारी मिळाली. उंदीर मारून माणूस बोलण्यात हुशार होत असता तर आमचा गोदामवाला आज मंत्री असता. आणि तिथले लोक! ओळख ना पाळख, जन्माची दुःखं सांगतात आणि लगेच कामाला लावतात. एका बाईने रडत रडत मला तिची बकरी शोधायला डोंगरावर पाठवलं. बकरी तिच्याच घरामागे होती. मी तिला बोलायला तोंड उघडणार, तर समोर तीन उत्तरं आली आणि तिन्ही सभ्य!

पण एक गोष्ट झाली ती सांगतो. त्या खेळात एक खानावळ आहे. दहा-बारा माणसं एकाच वेळी बोलतायत, भांडतायत, कोणी थट्टा करतोय. आणि प्रत्येकाचं बोलणं खाली लिहून येतंय. सूनबाई, किती वर्षांनी मी भरल्या खोलीत बसलो आणि मला सगळं कळलं. थट्टा सगळ्यांना कळली तेव्हाच मलाही कळली. मी एकटाच इतक्या जोरात हसलो की चिरंजीव हातातला साचा घेऊन धावत आले. बकरीवाल्या बाईला मी त्याच वेळी माफ केलं.

आता तुझं गुपित. ते पोटात आहे, पण पचत नाही. मी तुला सल्ला देत नाही, फक्त एक हरकत नोंदवतो. तुला नोकरी नको असेल तर खुशाल नाही म्हण. पण त्या 'नाही'खाली माझी सही करू नकोस. पुढे कधी तुला त्याचं वाईट वाटलं तर मी ते ऐकूही शकणार नाही, नुसता तुझा चेहरा बघत बसेन. आणि तीन उत्तरांतून एकच निघतं म्हणून खेळावर चिडतेस. इथे तर तू माझ्या मुलाला प्रश्नच दाखवलेला नाहीस. त्याला सांग. लवकर सांग, कारण गुपित ठेवण्यात मी कच्चा आहे.

जास्त काय लिहू? बोटं दुखतात, आणि ती मुलगी खानावळीत वाट बघते आहे.

तुझा,
बाबा

*

दि. १७ एप्रिल

प्रिय खडूबाई,

मी पत्र लिहितोय म्हणजे काहीतरी झालंय, हे तू ओळखलं असशीलच. फोनवर मला हे बोलता आलं नसतं.

परवा प्लॅस्टरची गोणी खांद्यावर घेऊन मी जिना चढत होतो. वरच्या चौकात बाबा खालच्या मजल्यावरच्या भूमितीच्या बाईंच्या कानात काहीतरी कुजबुजत होते. बाबांची कुजबुज तुला माहीत आहे. आपल्या बायकोला मोठी नोकरी मिळाली आणि ती आपल्याला सांगत नाही, हे मला दोन मजले आधी कळलं. माझ्या मागून येणाऱ्या पाववाल्यालाही कळलं. त्याने माझं अभिनंदन केलं.

मला राग आला. नोकरीचा नाही. मी काय म्हणेन ते तू मला न विचारता ठरवून टाकलंस आणि माझ्या वतीने रुसूनही घेतलंस, त्याचा. मी फोनवर गप्प असतो, कारण घर रिकामं वाटतं असं म्हटलं तर तू तिथलं काम सोडून येशील अशी भीती वाटते. एवढंच होतं ते. कवळ्या कुठेही बनवता येतात, दात सगळीकडेच पडतात. मी येऊ शकतो. मला विचार तर खरं.

जेवलीस का?

तुझा,
रुसका

*

दि. २ मे

ती. बाबांस,

शि. सा. न. वि. वि. तुमच्या कुजबुजीचा आवाज इथल्या गोदीपर्यंत आला. मी तुमच्यावर रागावणार होते, पण यांचं पत्र वाचून लाँड्रीच्या जिन्यात बसून इतकी रडले की इस्त्रीवाल्याने मला टॉवेल आणून दिला. मग तीन दिवस आम्ही फोनवर नुसते बोलत होतो. गेल्या वर्षभरात मिळून इतकं बोललो नव्हतो.

नोकरी मी घेतली! हे जूनमध्ये इकडे येतील. इथल्या दोन दंतवैद्यांनी काम द्यायचं कबूल केलंय. आणि तुमचीही सगळी सोय झाली, अजिबात काळजी करू नका. तळमजल्यावरचं घर बघितलंय, पायऱ्या नाहीत. तुमची खोली मागच्या बाजूला, भरपूर उजेडाची. दाराची बेल वाजली की दिवा लागेल असं यंत्र मी बसवून घेतेय. पलंग इथेच घेऊ, तुमचा तो जुना मोडून टाकायला यांना सांगितलं आहे. खोल्या सोडत असल्याचं ते घरमालकांना कळवतीलच. तुम्ही फक्त गाडीत बसायचं.

भूमितीच्या बाईंच्या कानात तुम्ही अजून कायकाय सांगता, ते मात्र आल्यावर विचारणार आहे.

आनंदाच्या भरात अक्षर बिघडलं, सांभाळून घ्या.

तुमची,
सूनबाई

*

दि. १२ मे

चि. सौ. सूनबाईस,

आशीर्वाद. नोकरी घेतलीस, फार बरं वाटलं. त्या संध्याकाळी चिरंजीव जेवायला माझ्यासमोर येऊन बसले आणि दातांचे साचे टेबलावर एकटेच जेवले.

राज्याचा खेळ मी पुन्हा लावला आहे. भूमितीच्या बाई आता माझ्याविरुद्ध खेळतात. त्या शेजारच्या राजापेक्षा भयंकर आहेत. तह करताना पाटीवर सुंदर अक्षरात अटी लिहून देतात आणि मोडताना तीच पाटी पुसतात. त्यांच्याशी लढताना एक गोष्ट लक्षात आली. या खेळात मी एका गावातलं सैन्य उचलून दुसऱ्या गावी ठेवतो. ते कधी कुरकुरत नाही. त्याची सोय मी केलेली असते, धान्य असतं, तंबू असतो. त्याने फक्त चालायचं असतं.

माझा पलंग मोडायला माझ्या मुलाला सांगितलंस, हे मला त्याने हातोडा शोधायला सुरुवात केली तेव्हा कळलं.

बाकी सर्व क्षेम.

बाबा

*

दि. २० मे

ती. बाबांस,

शि. सा. न. वि. वि. या वेळी नमस्कार खरोखरच वाकून केला आहे असं समजा.

चार ओळींचं पत्र तुम्ही मला आजवर कधी लिहिलं नव्हतं. यांनी माझ्यासाठी ठरवलं असतं तर मी घर डोक्यावर घेतलं असतं. मी यांच्यासाठी ठरवलं, तेव्हा ते रागावले. आणि मग आम्ही दोघांनी मिळून, तुम्हाला ऐकूच येत नाही अशा फोनवर, तुमचं ठरवलं. पलंगाला कोणी हात लावणार नाही. घरमालकांना काही कळवलेलं नाही. मागची खोली आहे तशी राहील, कोणी येवो न येवो.

बाबा, तुम्हाला आमच्याकडे राहायला यायला आवडेल का? उत्तर काहीही असलं तरी चालेल. मनाची तयारी करून मग हे लिहिलं आहे. वेळ हवा तेवढा घ्या. आम्ही थांबतो.

मशीन मात्र तुमच्याकडेच ठेवा, ते मी कोणालाही न विचारता ठरवलं आहे.

तुमची,
सूनबाई

*

दि. ८ जून

चि. सौ. सूनबाईस,

अनेक उत्तम आशीर्वाद. मशीन ठेवून घेतो. अशा बाबतीत इथून पुढेही मला विचारलं नाहीस तरी चालेल.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर चिरंजीवांना तोंडी दिलं, तुला कागदावर देतो. नाही. आत्ता तरी नाही.

रागावून म्हणत नाही. तू विचारलंस तेव्हाच राग गेला. खोली चांगली असणार, दिव्याची बेल तर मला फारच आवडली, तसली एक इथेही बसवून दे. पण असं आहे. इथे सगळ्यांना माहीत आहे. पाववाला माझ्या नजरेसमोर आल्याशिवाय तोंड उघडत नाही. औषधाच्या दुकानातली मुलगी बोटांवर मोजून दाखवते. बाई पाटी घेऊन येतात. जिन्यातली पोरं मागून येताना कठडा हलवतात, म्हणजे मला हाताला कळतं. हे कोणी त्यांना शिकवलं नाही, वर्षानुवर्षं हळूहळू जमत आलं. तिथे आलो तर मला पुन्हा पहिल्यापासून बहिरं व्हावं लागेल. एवढी ताकद आज माझ्यात नाही. उद्या आली किंवा अजिबातच संपली, तर कळवीन, आणि तू बसवलेल्या दिव्याखाली येऊन बसेन. मधूनमधून पाहुणा म्हणून येईनच. पाहुण्याला लोक ओरडून बोलतात, ते थोडे दिवस चालतं.

आणि मी तुझ्यासाठी म्हणून 'नाही' सांगितलंय असं समजू नकोस. मी माझ्यासाठीच सांगितलं. बाईंनी माझी तीन शहरं घेतली आहेत, ती अशी सोडून येता येत नाहीत.

चिरंजीव काल सकाळी निघाले. सामानात कपडे कमी आणि हत्यारं जास्त. दात भाजायच्या भट्टीची पेटी त्यांनी मांडीवर घेतली, हमालाला उचलू दिली नाही. गाडीत बसण्याआधी परत वर आले. मी खिडकीत होतो आणि ऐकण्याचं यंत्र कानातून काढून ठेवलेलं होतं. दारात उभे राहून काहीतरी बोलले. बराच वेळ बोलले. नेहमी मी म्हणतो, पुन्हा सांग रे. या वेळी म्हणालो नाही. त्याचा चेहरा दिसत होता, तेवढं पुरे झालं. बोलून झाल्यावर तो माझ्या पाया पडला, उठला आणि नाक पुसत जिना उतरून गेला. खालून पाववाल्याने त्याला हात केला.

तू मात्र त्याला काय बोललात म्हणून विचारू नकोस. तो सांगेल, जेवून घ्या म्हटलं.

पत्र लिहीत जा, लांब लिही, आणि माझ्या वाटणीचं त्यालाही ओरड.

तुझा,
बाबा